/डेव्ह जपत ओपनबीएसडी ७.५ वरून ७.६ : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमची ७.६ ही आवृत्ती ८ ऑक्टोबरला आली. बॅकअपचं मशीन ७.५ वर आहे. ओपनबीएसडीत सुरक्षा-दुरुस्त्या शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात आणि नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. म्हणजे आत्ता घाई नाही, पण हे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचंही नाही.

मशीन एएमडी६४. दोन एसएसडी (एसडी० आणि एसडी१), त्यांतल्या पहिलीवर सिस्टीम. दहा हार्ड डिस्क (एसडी२ ते एसडी११), दोन-दोनच्या जोड्या करून सॉफ्टरेडचे पाच आरसे, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कांवर तोच डेटा. आरसे कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) स्वतंत्र डिस्क म्हणून दिसतात: एसडी१२ ते एसडी१६. सगळा डेटा या पाचांवरच आहे. शिवाय यूएसबीवर यूपीएस, आणि एक छोटा वेब सर्व्हर.

या नोंदी मुद्दाम /डेव्हपुरत्याच, म्हणजे हार्डवेअरकडे नेणाऱ्या डिव्हाइस फाइलींच्या डिरेक्टरीपुरत्याच ठेवल्या आहेत. पॅकेजेस, /ईटीसी आणि फर्मवेअर यांच्यासाठी ठरलेली साधनं आहेत आणि ती चोख चालतात. /डेव्हचं तसं नाही. लिनक्स किंवा फ्रीबीएसडीवर डिव्हाइस फाइली कर्नल स्वतः उभ्या करतो. ओपनबीएसडीवर त्या रूट पार्टिशनवर पडून असलेल्या खऱ्याखुऱ्या फाइली असतात आणि त्या मेकडेव्ह ही स्क्रिप्ट बनवते. अपग्रेडमध्ये ही डिरेक्टरी पुसली जात नाही, पण जशीच्या तशी राहतही नाही. मेकडेव्हला माहीत असलेले नोड (म्हणजे याच डिव्हाइस फाइली) नव्याने बनतात, बाकीचे धूळ खात पडतात. हाताने केलेला बदल कुठल्या गटात मोडतो, ते अगोदर कळलं पाहिजे.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. मेकडेव्ह हे नाव टाइप करताना सगळं कॅपिटलमध्ये. छोट्या अक्षरांत टाइप केलं तर फाइल सापडणार नाही.)

१३ ऑक्टोबर, रविवार

आधी यादी. 'एलएस -एल' चा आउटपुट जपून ठेवायची सवय बरी, पण तुलनेला तो निरुपयोगी, कारण त्यात वेळ येते आणि वेळ रोज बदलते. म्हणून फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅटला फॉर्मॅट देऊन प्रत्येक नोडची एक ओळ काढली: नाव, प्रकार, मेजर, मायनर, परवानगी, मालक, गट. स्टॅटच्या फॉर्मॅटमध्ये 'आर' च्या आधी कॅपिटल 'एच' लावलं की मेजर मिळतो, कॅपिटल 'एल' लावलं की मायनर. यादी नावानुसार सॉर्ट करून /डेव्हबाहेर, आणि एक प्रत दुसऱ्या मशीनवर.

मेजर म्हणजे कर्नलच्या तक्त्यातला ड्रायव्हरचा क्रमांक, मायनर म्हणजे त्या ड्रायव्हरने सांभाळलेलं नेमकं कोणतं साधन. फाइलचं नाव निव्वळ पाटी असते. एएमडी६४ वर एसडी डिस्कचा ब्लॉक मेजर ४ आणि रॉ म्हणजे कॅरेक्टर मेजर १३. मायनरचं गणित सोपं: डिस्कचा क्रमांक गुणिले १६, अधिक पार्टिशनचा क्रमांक, ए म्हणजे ०. एका डिस्कला ए ते पी अशी सोळा पार्टिशनं, प्रत्येकाचा एक ब्लॉक आणि एक रॉ नोड. म्हणजे दर डिस्कमागे ३२ नोड.

आपल्या डिस्कांना हे लावून पाहिलं. एसडी१२ए चा मायनर १९२, एसडी१२सी चा १९४, एसडी१६ए चा २५६. या शेवटच्या आकड्यापाशी थांबावं लागलं. आठ बिटांत २५५ पर्यंतच मावतं. ओपनबीएसडीच्या कर्नलला आणि नोड बनवणाऱ्या एमकेनोडला २५६ चालतो, कारण तिथे मायनरला आठपेक्षा जास्त बिट दिलेले आहेत. पण यादीची तुलना करायला हाताशी एक जुनी स्क्रिप्ट होती, ती मेजर गुणिले २५६ अधिक मायनर असा एकच आकडा करायची. त्या हिशेबात मेजर ४, मायनर २५६ आणि मेजर ५, मायनर ० हे दोन वेगळे नोड एकच ठरतात. स्क्रिप्ट टाकून दिली. मेजर आणि मायनर नेहमी दोन वेगळ्या रकान्यांतच ठेवायचे.

यादी चाळताना हाताने केलेल्या तीन गोष्टी सापडल्या. एसडी१० ते एसडी१६ चे नोड वेगळे बनवलेले आहेत, कारण 'मेकडेव्ह ऑल' एसडी० ते एसडी९ एवढ्यावरच थांबतं. यूजेन० च्या (यूएसबी साधनाच्या, इथे यूपीएसच्या) सोळाही फाइलींचा (यूजेन०.०० ते यूजेन०.१५) गट बदलून यूपीएसच्या सेवेचा केलेला आहे. आणि वेब सर्व्हरच्या चेरूटमध्ये (ज्या डिरेक्टरीत त्याला कोंडून ठेवलेलं असतं तिच्यात) कुणीतरी एक नल नोड, म्हणजे आलेलं सगळं फेकून देणारा नोड, ठेवलेला आहे. तिन्हींपैकी एकाचीही नोंद कुठे नव्हती. मशीन गेलं असतं तर ही माहितीही सोबत गेली असती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सराव. सुट्या एसएसडीवर ७.६ कोरं बसवायचं आणि जुनं फाइलसिस्टीमचं टेबल, म्हणजे एफएसटॅब, त्यावर आणून डेटा दिसतो का ते पाहायचं. ही एसएसडी पुढे आपत्कालीन डिस्क म्हणून कपाटात राहील.

इन्स्टॉल करताना डेटाच्या दहाही डिस्क काढून ठेवल्या. ही खबरदारी योग्यच. चुकीच्या डिस्कवर इन्स्टॉलर चालला तर परतीचा रस्ता नाही. पण आजचा बिघाड त्या खबरदारीतूनच उगवला.

डिस्क परत जोडून बूट केलं. कर्नलच्या संदेशांत एसडी१२ ते एसडी१६ दिसले. मग एफएससीकेच्या (फाइलसिस्टीम तपासण्याच्या) टप्प्याला गाडी अडली. आपोआप तपासणी अयशस्वी झाल्याचा संदेश आला आणि मशीन सिंगल-यूजर शेलमध्ये (दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेत) येऊन थांबलं. डिस्क मेल्या की काय, ही पहिली शंका. आरशांची स्थिती दाखवणारं 'बायोसीटीएल सॉफ्टरेड०' चालवलं तर पाचही आरसे ऑनलाइन. मग अडलं कुठे?

'एलएस /डेव्ह/एसडी१२ए' : अशी फाइल नाही.

याचा उलगडा असा. इन्स्टॉलर शेवटी 'मेकडेव्ह ऑल' चालवतो आणि त्यावर, त्या वेळी जोडलेल्या ज्या डिस्क त्याला सापडल्या त्यांचेही नोड बनवतो. डिस्क काढलेल्या होत्या, म्हणून एसडी९ च्या पुढचे नोड बनलेच नाहीत. सॉफ्टरेड आरसे जुळवतो तो कर्नलच्या आत. त्याला /डेव्हमधल्या फाइलीची गरज पडत नाही. म्हणून कर्नलला डिस्क दिसते, आरसा निरोगी दिसतो, पण माउंट आणि एफएससीके यांना जायला दारच नाही.

एफएसटॅबमध्ये डिस्कची नावं नाहीत, ड्यूआयडी आहेत, प्रत्येक डिस्कच्या लेबलवरचा सोळा अक्षरी हेक्स ओळखक्रमांक. ड्यूआयडी वापरला की /डेव्हची काळजी मिटली, असा समज सर्रास आढळतो. तो खोटा आहे. ड्यूआयडी फक्त 'ही डिस्क आत्ता एसडी१२ या नावाने आहे' इतकं शोधून देतो. त्यानंतर उघडली जाते ती /डेव्हमधलीच फाइल. डिस्कांचा क्रम बदलला तर ड्यूआयडी वाचवतो, नोडच नसेल तर नाही.

दुरुस्ती, सिंगल-यूजरमध्ये:

एफएससीके -पी /
माउंट -यूडब्ल्यू /
सीडी /डेव्ह
एसएच मेकडेव्ह एसडी१० एसडी११ एसडी१२ एसडी१३ एसडी१४ एसडी१५ एसडी१६

पहिल्या दोन ओळी गाळून चालत नाही, कारण या टप्प्यावर रूट फक्त वाचण्यापुरती चढलेली असते. /यूएसआर तर चढलेलीच नसते. तरी मेकडेव्ह चालतं, कारण त्याला लागणारे एमकेनोड, सीएचओन, आरएम हे सगळे /बिन आणि /एसबिनमध्ये असतात. व्हीआय मात्र /यूएसआरमध्ये असतो, त्यामुळे एफएसटॅब बदलायची वेळ आलीच तर ईडी. ईडीच्या चार आज्ञा (शोध, बदल, लिही, बाहेर पड) पाठ असाव्यात. अशा क्षणी दुसरा एडिटर नसतो.

सात डिस्क गुणिले ३२ म्हणजे २२४ नवे नोड. एक्झिट म्हटल्यावर बूट पुढे सरकलं, डेटा चढला.

२० ऑक्टोबर, रविवार

कालच्या अवस्थेतला दुसरा धोका सुट्या एसएसडीवर मुद्दाम घडवून पाहिला, कारण तो कालच्यापेक्षा वाईट. काल मशीन थांबलं तरी. हा प्रकार थांबत नाही.

नोड नसताना रूट (प्रशासक) म्हणून 'डीडी' या कच्चा डेटा कॉपी करणाऱ्या आज्ञेला /डेव्ह/आरएसडी१२सी वर लिहायला सांगितलं. 'अशी फाइल नाही' असा नकार येईल असं वाटतं, पण लिहिण्यासाठी उघडताना फाइल नसेल तर ती निर्माण होते. /डेव्हमध्ये आरएसडी१२सी नावाची साधी फाइल तयार झाली आणि डीडी तिच्यात शून्यं ओतू लागला. रूट पार्टिशन एक जीबीचं, काही सेकंदांत भरलं. लेखन अयशस्वी, फाइलसिस्टीम भरली. डिस्कवर एक बाइटही गेला नाही.

'एलएस -एल' मध्ये फरक पहिल्याच अक्षरात कळतो. खऱ्या रॉ नोडच्या ओळीची सुरुवात 'सी' ने होते आणि आकाराच्या जागी '१३, १९४' अशी स्वल्पविरामाने तोडलेली जोडी असते. आजच्या फाइलीची सुरुवात '-' ने होती आणि त्या जागी नऊ आकडी संख्या. टेपच्या नावात एक अक्षर चुकलं तरी हेच होतं, आणि बॅकअपची स्क्रिप्ट 'यशस्वी' असं कळवूनही मोकळी होते. /डेव्ह/नल पुसला गेला तर परिणाम आणखी छुपा. पुढचा कुणीही रूट प्रोसेस त्या नावाची साधी फाइल तयार करतो आणि फेकून द्यायचा म्हणून पाठवलेला सगळा मजकूर तिच्यात साठत जातो.

यावरचा उपाय एका ओळीचा: 'फाइंड /डेव्ह -टाइप एफ'. ओपनबीएसडीवर याच्या उत्तरात मेकडेव्ह आणि आपण स्वतः ठेवलेली एखादी स्क्रिप्ट एवढंच दिसलं पाहिजे. आणखी काही दिसलं तर ती चूक. ही ओळ आजपासून रोजच्या /ईटीसी/डेली.लोकलमध्ये.

तिच्याच खाली दुसरी तपासणी जोडली. 'सिसकंट्रोल एचडब्ल्यू.डिस्कनेम्स' कर्नलला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क ड्यूआयडीसह देतं. त्यातल्या प्रत्येक नावासाठी 'सी' पार्टिशनचा ब्लॉक नोड आणि रॉ नोड आहे का, ते शेलच्या 'टेस्ट -बी' आणि 'टेस्ट -सी' ने पाहायचं. 'टेस्ट -ई' वापरायचं नाही. वरची साधी फाइल त्यात पास होते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मेकडेव्ह वाचून काढलं. ही साधी शेल स्क्रिप्ट आहे, एम४ ने अनेक स्रोतांतून बनवलेली: काही सगळ्या आर्किटेक्चरना सामाईक, एक आपल्यापुरता. वाचायला अर्धा तास लागतो आणि अनेक गैरसमज जातात.

एक, नोड आधीच असेल तर मेकडेव्ह तो सोडून देत नाही. आरएमने काढतं आणि नवा बनवतं. म्हणून हाताने बदललेला गट किंवा परवानगी अपग्रेडनंतर मूळपदावर जाते. डिस्कचे नोड नेहमी रूट मालक, ऑपरेटर गट, ६४०. यूजेनचेही आपल्या मूळ मालक-गटावर. 'गेल्या वेळी चाललं होतं, आता यूपीएसशी बोलणं होत नाही' या तक्रारीचं मूळ इथे आहे.

दोन, नोड बनतात ते चालू डिरेक्टरीत, स्क्रिप्ट कुठेही असो. /रूटमध्ये उभं राहून 'एसएच /डेव्ह/मेकडेव्ह ऑल' म्हटलं तर सगळी जत्रा /रूटमध्ये भरते आणि /डेव्ह होती तशीच राहते. आज्ञेने काही कुरकुर न केल्यामुळे काम झालं असं वाटतं. 'सीडी /डेव्ह' आणि पुढची आज्ञा यांच्यामध्ये नेहमी '&&' घालायचं.

तीन, ईओ हे व्हेरिएबल 'एको' असं ठेवलं तर मेकडेव्ह काही करत नाही, जे केलं असतं ते छापून दाखवतं. नव्या आवृत्तीची स्क्रिप्ट जुन्या मशीनवर चालवून पाहायला हे उत्तम. ७.६ च्या बेस संचातून (सिस्टीमच्या मूळ फाइलींच्या गठ्ठ्यातून) फक्त मेकडेव्ह ही एक फाइल टारने वेगळी काढली आणि ७.५ च्या स्क्रिप्टशी डिफ केली, म्हणजे ओळीनुसार फरक काढला. नवे नोड कोणते, ते दोन मिनिटांत समोर.

दुसऱ्या मुद्द्यातला धोका उलटा वापरता येतो. तुलनेसाठी आदर्श यादी हवी, तर रिकामी डिरेक्टरी करून तिच्यात 'मेकडेव्ह ऑल' चालवायचं. ती डिरेक्टरी /होमवर करावी. /होम 'नोडेव्ह' पर्यायाने चढलेलं असतं. तिथे नोड बनतात, पण उघडत नाहीत. तुलनेला पुरतात आणि कुणाच्या हाती लागले तरी निरुपद्रवी. तुलना झाली की त्याच दिवशी काढून टाकायचे.

२७ ऑक्टोबर, रविवार

हाताने केलेल्या बदलांना आता कायमची जागा. मेकडेव्हमध्येच ओळी घालणं हा सुचणारा पहिला मार्ग आणि तो चूक. ती फाइल बेस संचाचा भाग आहे, दर अपग्रेडला नवी प्रत तिच्यावर बसते. तिच्या शेजारी मेकडेव्ह.लोकल नावाची फाइल ठेवता येते. ती कुठल्याच संचात नाही, म्हणून टिकते. 'मेकडेव्ह लोकल' म्हटलं की ती चालते.

तिच्यात एसडी१० ते एसडी१६ बनवण्याची एक ओळ. आत सगळे पाथ सापेक्ष ठेवले, म्हणजे /होमवरच्या आदर्श यादीसाठीही तीच फाइल कामी येते. अपग्रेडनंतर 'ऑल' पूर्ण होऊ द्यायचं आणि मग 'लोकल' स्वतंत्रपणे चालवायचं.

यूजेनचा गट मात्र इथे ठेवला नाही. तो प्रत्येक बूटला लागू व्हावा, आणि यूपीएसची सेवा सुरू होण्याआधी. आरसी.लोकल त्यासाठी उशिराचं ठिकाण. पॅकेजमधून आलेल्या सेवा त्याच्या आधी सुरू होतात. आरसी.सिक्युअरलेव्हल त्यांच्याही आधी चालतं, म्हणून सीएचजीआरपी आणि सीएचमॉडच्या दोन ओळी तिथे. यूजेन० हा क्रमांक साधन सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असतो. नव्या कर्नलला दुसरं एखादं यूएसबी साधन आधी सापडलं तर आपण गट देऊ तो भलत्याच साधनाला. म्हणून अपग्रेडनंतर 'यूएसबीडेव्हज -व्ही' पाहणं यादीत घातलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत मशीन हलवलं नाही. आज फक्त शेजारच्या मशीनांसाठी टिपण, कारण तिथे नियम वेगळे आणि सवयी इकडून तिकडे नेल्या की घोळ होतो.

फ्रीबीएसडी ५.० पासून, म्हणजे २००३ पासून, डेव्हएफएस (कर्नलने स्वतः उभी केलेली /डेव्ह) वापरतं. तिथे /डेव्हमध्ये केलेलं सीएचमॉड रीबूटपर्यंतच टिकतं. बूटला हजर असलेल्या साधनांसाठी डेव्हएफएस.कॉन्फ, नंतर जोडल्या जाणाऱ्यांसाठी डेव्हएफएस.रूल्स, आणि आरसी.कॉन्फमध्ये त्या नियमसंचाचं नाव दिलं नाही तर दुसरी फाइल नुसती पडून राहते. लिनक्समध्ये २.६.३२ पासून डेव्हटीएमपीएफएस आहे. परवानग्या यूडेव्हच्या नियमांतून. आपले नियम /ईटीसी खालच्या रूल्स.डी मध्ये, /यूएसआर/लिब खालच्या फाइली अपग्रेडमध्ये बदलतात. तिथल्या मूळ डिस्कवरची /डेव्ह वरून झाकली जाते, म्हणून जुन्या मशीनवर तिच्यात काय साठलंय ते पाहायला रूट दुसरीकडे बाइंड-माउंट करावी लागते.

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रत्यक्ष अपग्रेड.

या मशीनवर रात्री दीड वाजता रोजची स्क्रिप्ट रूट पार्टिशनची हुबेहूब प्रत एसडी१ वरच्या /ऑल्टरूटसाठी राखलेल्या जागेत करते; रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत) रूटबॅकअप=१ असल्यामुळे. पहाटेची प्रत झाली आहे हे पाहून ते व्हेरिएबल बंद केलं. नाहीतर आज रात्री नवी रूट जुनीवर बसेल आणि परत बघायला जुनी /डेव्ह उरणार नाही. ही प्रत फक्त रूटची आहे, /यूएसआर तिच्यात नाही, म्हणून तिच्यावरून पूर्ण माघार घेता येणार नाही. हरवलेला नोड किंवा परवानगी ताडून पाहायला ती पुरते.

मग यादी पुन्हा काढली. 'सिसअपग्रेड' ने संच उतरवले, सह्या तपासल्या, रीबूट घेतला, इन्स्टॉलरचा कर्नल स्वतःच काम करून परत रीबूट झाला. डिस्क या वेळी जोडलेल्याच ठेवल्या. अपग्रेडमध्ये जुनी /डेव्ह शाबूत असते, आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसल्या की तो त्यांचे नोडही नवे करतो. दोन्ही बाजूंनी फायदा.

ज्यांना संच हाताने उलगडून अपग्रेड करावं लागतं त्यांच्यासाठी क्रम: आधी नवा कर्नल जागेवर, मग संच उलगडायचे, बेस सगळ्यात शेवटी, मग रीबूट, आणि नव्या कर्नलवर आल्यावरच 'मेकडेव्ह ऑल'. जुन्या कर्नलवर नवे नोड बनवले तर ते बनतील, पण तक्त्यात त्या मेजरचा ड्रायव्हर नसेल आणि उघडताना 'डिव्हाइस नॉट कॉन्फिगर्ड' असा नकार येईल. हा नकार आणि 'अशी फाइल नाही' हा नकार यांत गल्लत करू नये. दुसऱ्यात नोड नाही. पहिल्यात नोड आहे, पण मागे कुणी नाही.

बूट सरळ झालं. पाचही आरसे चढले. मग:

सीडी /डेव्ह && एसएच मेकडेव्ह लोकल
डेव्ह_एमकेडीबी

डेव्ह_एमकेडीबी नोडच्या क्रमांकावरून नाव शोधण्याचं कोष्टक बनवतं. पीएसला टर्मिनलची नावं त्यातून मिळतात. बूटला ते आपोआप चालतं, पण /डेव्ह त्यानंतर बदलली तर पुन्हा चालवावं लागतं. चालू एसएसएचमधून 'ऑल' चालवलं तर आपल्याच टर्मिनलचा नोड काढून नवा बनतो आणि मालक रूट होतो. सेशन चालू राहतं, कारण ते उघडलेलं आहे. काम संपलं की बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं, मालकी जागेवर येते.

नवी यादी काढून डिफ. टर्मिनलच्या नोडचे मालक लॉगिनप्रमाणे बदलतात, ते वगळले. उरलेल्या फरकात यूजेन० दिसायला हवा होता, पण नव्हता, कारण आरसी.सिक्युअरलेव्हलने बूटलाच गट लावून टाकला होता. यूएसबीडेव्हजमध्ये यूपीएस तिथेच. सेवा पहिल्या प्रयत्नात सुरू.

१० नोव्हेंबर, रविवार

रात्रीच्या सुरक्षा-तपासणीच्या मेलमध्ये डिव्हाइस फाइलींतले बदल आले. ओपनबीएसडीची सिक्युरिटी स्क्रिप्ट ब्लॉक आणि कॅरेक्टर फाइलींची यादी रोज आदल्या दिवसाशी ताडते. अपग्रेडनंतरचा हा मेल लांबतो म्हणून न वाचता पुसण्याचा मोह होतो. कालच्या डिफशी एक-एक ओळ जुळवली. जुळली.

वेब सर्व्हरच्या चेरूटमधला नल आज पाहिला. तो /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/डेव्हमध्ये आहे, मेजर २, मायनर २, परवानगी ६६६, सगळं बरोबर. तरी लिहायला गेलं की 'डिव्हाइस नॉट कॉन्फिगर्ड'. ७.६ चा दोष नाही. /ऑल्टरूटमधला एफएसटॅब पाहिला तर /व्हार आधीही नोडेव्हच होतं. म्हणजे हा नोड बसवल्या दिवसापासून निकामी आहे आणि त्याच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. काढून टाकला. खरंच गरज पडली तर /व्हारचं नोडेव्ह काढायचं नाही. त्या एका डिरेक्टरीवर नोडेव्हशिवाय छोटी एमएफएस (मेमरीतली फाइलसिस्टीम) चढवून तिच्यात बूटला एमकेनोडने एक नल बनवायचा. आज यादृच्छिक आकड्यांसाठीही चेरूटमध्ये नोड लागत नाही, कर्नलची स्वतंत्र सिस्टीम कॉल त्यासाठी ५.६ पासून आहे. जुनी मार्गदर्शकं वाचून यूरँडम तिथे ठेवणारे अजून भेटतात.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मागे उरलेल्या नोडची झाडलोट. /होमवर आदर्श यादी (ऑल, मग लोकल) बनवली आणि प्रत्यक्ष /डेव्हमधून वजा केली. जे उरलं ते जुन्या आवृत्त्यांचं शिल्लक. हे नुसतं अडगळ म्हणून काढायचं नाही. ड्रायव्हर काढला गेल्यावर त्याचा मेजर रिकामा होतो आणि पुढे एखाद्या नव्या ड्रायव्हरला मिळू शकतो. त्या दिवशी जुन्या, सैल परवानगीच्या नोडमागे भलतंच साधन उभं राहतं. नाव जुनं, दार नव्या खोलीचं.

काढण्याआधी प्रत्येक नोडवर 'एफस्टॅट' चालवून कुणी तो उघडून बसलंय का पाहिलं, मग आरएम. वाइल्डकार्ड वापरलं नाही. 'आरएम एसडी१*' ने एसडी१, एसडी१० आणि एसडी१६ एका दमात जातात.

मग परत उभं करण्याची परीक्षा. रूटची डंप (फाइलसिस्टीमची पूर्ण प्रत) काढून कपाटातल्या सुट्या एसएसडीवर रिस्टोअर केली. डंप नोड नोड म्हणूनच नेतं. टारही रूट म्हणून चालवलं तर नेतं, आरसिंकला -डी किंवा -ए लागतं. एससीपी -आर ने /डेव्ह न्यायला गेलं तर ते 'साधी फाइल नाही' असं म्हणून नोड वगळतं.

रिस्टोअरनंतर बूटलोडर बसवला, या वेळी डेटाच्या डिस्क जोडून बूट केलं. एसडी१२ ते एसडी१६ चढले, 'फाइंड /डेव्ह -टाइप एफ' ने दोन नावं दिली: मेकडेव्ह आणि मेकडेव्ह.लोकल. रूटबॅकअप=१ पुन्हा सुरू केलं. एसएसडीच्या पाकिटावर आवृत्ती, आजची तारीख आणि मेकडेव्हची ती सात डिस्कांची ओळ लिहून पाकीट कपाटात.